पुढे मामा उभे आहेत!

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत गाडीने गावाला जाताना ही गंमत तुम्ही नक्की पाहिली असेल. भर दुपारी, लख्ख उन्हात समोरून येणारा ट्रकवाला दोनदा हेडलाइट लावून विझवतो. म्हणजे डिपर मारतो. त्याबरोबर आपल्या गाडीचे चालक, मग ते बाबा असोत, काका असोत की भाड्याच्या जीपचे ड्रायव्हरदादा, एकदम सज्जन होतात. वेग उतरतो. खांद्यामागे लोंबणारा सीटबेल्ट छातीवर येतो. कानाला लावलेला मोबाइल खाली जातो. आणि पुढच्याच वळणावर झाडाच्या सावलीत पोलिसांची गाडी उभी दिसते. “पुढे मामा उभे आहेत!” हा निरोप त्या दोन डिपरमध्ये होता.

मामा म्हणजे अर्थातच वाहतूक पोलीस. त्यांना मामा का म्हणतात, कोण जाणे! सख्खा मामा सुट्टीत आंबे देतो, हा मामा पावती देतो.

आपल्याला वाटतं, ट्रकवाल्याने केवढे उपकार केले. पण मामा मागे पडले, की पाच मिनिटांत वेगाचा काटा होता तिथे परत जातो, तेही तुम्ही पाहिलं असेलच. मग पोलिसांनी अशा लोकांना पकडायचं तरी कसं? पळणारा आणि पकडणारा यांचा हा डाव सव्वाशे वर्षांपासून चालू आहे बरं का. आणि दोन्ही बाजूंनी एकेक भारी युक्त्या लढवलेल्या आहेत.

सायकलवरचा शिपाई

तारीख २८ जानेवारी १८९६. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं पॅडक वुड नावाचं गाव. वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ आपल्या मोटारीतून गावातून चालले होते. तेव्हा तिथला कायदा असा होता, की गावात मोटारीने ताशी २ मैल, म्हणजे साधारण ३ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही, आणि गाडीच्या पुढे एका माणसाने पायी चालत जायचं. अर्नोल्डसाहेबांच्या पुढे कुणीच चालत नव्हतं आणि वेग होता ताशी ८ मैल. सुमारे १३ किलोमीटर! गावच्या शिपायाने ते पाहिलं, सायकलवर टांग मारली आणि पाच मैल पाठलाग करून त्यांना गाठलं. वेगाबद्दल त्यांना दंड झाला एक शिलिंग. मोटार जोरात चालवल्याबद्दल झालेला जगातला पहिला दंड म्हणून तो ओळखला जातो.

ताशी १३ किलोमीटर म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल. तुमच्या वर्गातला खो-खोवाला मुलगा याहून जोरात पळतो. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाई मोटारीची धडक बसून मरण पावल्या. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद. ती मोटारही आपल्या रिक्षापेक्षा सावकाशच चालली होती.

पुढे मोटारी वाढल्या, वेग वाढला, आणि सायकलवर टांग मारून काही उपयोग होईना. १९०४ पासून इंग्लंडमध्ये ताशी २० मैलांची मर्यादा होती. पोलिसांनी मग युक्ती काढली. रस्त्याकडेच्या कुंपणाआड एक शिपाई लपायचा, मोजलेल्या अंतरावर पुढे दुसरा. मोटार पहिल्यासमोरून गेली, की तो खूण करायचा. दुसरा हातातलं घड्याळ चालू करायचा आणि मोटार आपल्यासमोर आली, की बंद करायचा. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग! सहावी-सातवीच्या पुस्तकातलं गणित, फक्त झुडपात बसून सोडवलेलं.

मोटारवाले चिडले. १९०५ साली त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संघटना काढली. तिचे सायकलस्वार पुढे जाऊन पोलीस कुठे लपलेत ते हेरायचे आणि येणाऱ्या मोटारींना सावध करायचे. म्हणजे आपल्या ट्रकवाल्याच्या डिपरचे पणजोबाच! १९१० साली न्यायालयाने ठरवलं, की जोरात चाललेल्या मोटारवाल्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. आता आली का पंचाईत? पण संघटनेने त्यावरही तोड काढली. तिचे सायकलस्वार सभासदांच्या गाडीला नेहमी सलाम ठोकायचे. सभासदांना सांगून ठेवलं, की ज्या दिवशी सलाम मिळणार नाही, त्या दिवशी थांबून कारण विचारा. सलाम केला म्हणून शिक्षा करता येईल, पण सलाम केला नाही म्हणून शिक्षा कशी करणार? वकिली डोकं म्हणतात ते हे.

शिट्टीचा सूर आणि पोलिसांची बंदूक

आता विज्ञानाकडे वळू. एखाद्या छोट्या स्टेशनवर उभे असताना न थांबणारी एक्स्प्रेस शिट्टी वाजवत गेली, तर कान देऊन ऐका. गाडी येत असते तेव्हा शिट्टी बारीक, चढ्या सुरात ऐकू येते. समोरून पुढे गेली, की तीच शिट्टी एकदम खालच्या सुरात येते. ड्रायव्हरने काही शिट्टी बदललेली नसते. गाडी जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटीवाटीने कानावर येतात, दूर जाताना त्या पांगतात.

ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली हे तत्त्व मांडलं. ते खरं आहे का, हे बघायला हॉलंडमधल्या बाइज बॅलट या शास्त्रज्ञाने १८४५ साली काय केलं माहीत आहे? आगगाडीच्या उघड्या डब्यावर वाजंत्री बसवले. रुळांच्या कडेला सुरांचे पक्के जाणकार उभे केले. डब्यावरचे वाजवणार एकच सूर, आणि कडेचे सांगणार तो चढला की उतरला. लग्नाच्या वरातीतही असला थाट नसेल! डॉपलरचं म्हणणं बरोबर निघालं.

पोलिसांची रडार गन याच तत्त्वावर चालते. फक्त आवाजाऐवजी ती रेडिओलहरी सोडते, ज्या आपल्याला दिसतही नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. लहरी समोरच्या गाडीवर आदळून परत येतात. गाडी जवळ येत असेल तर परत येणाऱ्या लहरी थोड्या जास्त दाट असतात. हा फरक किती बारीक असतो बघा. एका प्रकारच्या रडार गनमधून सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनांच्या लहरी निघतात. गाडी ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर परत येताना त्यांत जेमतेम साडेचार हजार कंपनांची भर पडलेली असते. २४ अब्जांत साडेचार हजार! तेवढा फरक ओळखून यंत्र वेगाचा आकडा दाखवतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी १९४०च्या दशकात रडारने वेग मोजायला सुरुवात केली. म्हणजे महायुद्धात शत्रूची विमानं शोधणारी विद्या युद्ध संपल्या संपल्या रस्त्यावर आली.

रडारची एक अडचण असते. तिच्या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या पसरतात, त्यामुळे शेजारी शेजारी चार गाड्या आल्या तर आकडा नेमका कुणाचा, असा वाद होतो. म्हणून लेझरची गन आली. तिचा किरण बारीक असतो. पोलीस तिची दुर्बीण डोळ्याला लावून एकाच गाडीच्या नंबर प्लेटवर नेम धरतात, कारण प्लेटवरून उजेड चांगला परततो. ३०० मीटरवरच्या गाडीला टेकून परत यायला त्या किरणाला लागतो सेकंदाचा पाच लाखावा भाग. गन असे ठोके एकामागून एक सोडते, प्रत्येक वेळी गाडी किती जवळ आली ते मोजते आणि वेग काढते. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत तिचं बरंचसं काम झालेलं असतं.

“मशीनने उगाच जास्त वेग दाखवला!” असं पावती घेताना पुष्कळ जण म्हणतात. खरं तर पोलीस रस्त्याच्या कडेला तिरपे उभे असतील, तर यंत्र वेग जास्त नाही, उलट थोडा कमीच दाखवतं. कारण गाडी यंत्राच्या दिशेने जेवढी जवळ येते, तेवढंच त्याला कळतं. २० अंशांचा कोन असेल, तर १०० चा वेग ९४ दिसतो. मामांनी केलेली ही सवलतच म्हणायची.

शर्यतवाला चोर झाला पोलिसांचा गुरू

कॅमेऱ्याची गोष्ट तर याहून मजेदार आहे. मॉरिस गॅट्सोनाइड्स हा हॉलंडचा मोटार शर्यतींतला नावाजलेला चालक. १९५३ साली त्याने मॉन्टे कार्लो रॅली ही मोठी शर्यत जिंकली. आपण वळणावर नेमके किती वेगाने जातो आणि तो वेग आणखी कसा वाढवता येईल, हे कळावं म्हणून त्याने वेग मोजण्याचं यंत्र बनवलं. हेतू काय, तर अजून जोरात जायचा! पण पुढे तेच यंत्र सुधारून पोलिसांनी वापरायला घेतलं, आणि त्याच्या नावावरून इंग्लंडमध्ये वेगाच्या कॅमेऱ्याला ‘गॅट्सो’ म्हणू लागले. जोरात पळणाऱ्यानेच जोरात पळणाऱ्यांना पकडायचं साधन द्यावं, म्हणजे बघा.

गॅट्सो कॅमेरा रडारने वेग मोजतो आणि मर्यादा ओलांडली असेल तर अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो. दोन कशाला? तर रस्त्यावर मोजून मारलेले पांढरे पट्टे असतात. दोन फोटोंमध्ये गाडी किती पट्टे पुढे गेली, हे मोजून रडारचा आकडा पुन्हा पडताळता येतो. उत्तर काढलं, मग ताळा केला. गणिताच्या बाई हेच तर सांगतात.

पण लोक महाहुशार. कॅमेऱ्याचा खांब कुठे आहे ते पाठ करायचे, तेवढ्यापुरतं हळू व्हायचं आणि पुढे सुसाट! यावर उत्तर म्हणून सरासरी वेगाचे कॅमेरे आले. समजा, दोन कमानींत १० किलोमीटरचं अंतर आहे आणि मर्यादा आहे ताशी १००. नियमाने जाणाऱ्याला हे अंतर काटायला निदान ६ मिनिटं लागलीच पाहिजेत. पहिल्या कमानीवरचा कॅमेरा नंबर आणि वेळ टिपतो, दुसऱ्या कमानीवरचाही टिपतो. ५ मिनिटांत पोचलात? म्हणजे सरासरी १२०. दोन्ही कॅमेऱ्यांखालून तुम्ही गोगलगायीसारखे गेला असलात तरी मधली सगळी चोरी उघडी पडते. मधे कुठे चहाला थांबून वेळ काढला तर? तर सुटाल खरे, पण मग जोरात जाऊन मिळवलं काय? फक्त चहा.

आपल्याकडे मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. लांबी सुमारे ९५ किलोमीटर. या मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा बसली आहे. जागच्या जागी वेग टिपणारे कॅमेरे त्यात आहेत, सरासरी काढणारेही आहेत. सीटबेल्ट न लावणारे, लेन सोडून मधे घुसणारे असे सगळेच तिच्या नजरेत येतात. तिथे डिपर मारून कुणाला सांगणार, की पुढे मामा उभे आहेत? मामा उभेच नाहीत, ते वर लटकलेत!

चार खेळपट्ट्यांचा हिशोब

“रस्ता मोकळा असेल तर जोरात गेलं म्हणून काय बिघडलं?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. मोठी माणसंच विचारतात. त्यांना पुढचा हिशोब घालून दाखवा.

समोर अचानक गाय आली, तर ती दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. या सेकंदात गाडी आधीच्याच वेगाने धावत असते. वेग ताशी ५० असेल तर १४ मीटर गेले. मग ब्रेक लागल्यावर थांबेपर्यंत आणखी १४ मीटर. एकूण २८. आता वेग दुप्पट करा, १०० घ्या. तुम्हांला वाटेल, ५६ मीटर लागतील. चूक! पहिल्या सेकंदात जातात २८ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर दुप्पट नाही तर चौपट, म्हणजे ५५ च्या आसपास. एकूण ८३ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची धरा. चार खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तरी गाडी थांबलेली नसते. आणि हा हिशोब कोरड्या रस्त्याचा, चांगल्या टायरांचा आणि जाग्या ड्रायव्हरचा आहे. जुलै महिन्यात खंडाळ्याच्या घाटात तो लावू नका, तिथे आकडा आणखी वाढेल.

सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला सरासरी ४६२. तुमचा शाळेतला एक तास ३५ मिनिटांचा असेल, तर तो सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत अकरा माणसं. त्या वर्षी गेलेल्यांत अठरा वर्षांखालची मुलंमुली साडेनऊ हजार होती. आणि दर दहांतले सात मृत्यू भरधाव वेगामुळे झाले, असं तीच नोंद सांगते.

सगळे धोके वेगाच्या काट्यावर दिसतात असंही नाही. काही ट्रकचालक डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करतात, नाहीतर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. जड गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा भरायचं काम इंजिनच करत असतं. इंजिन बंद, तर हवा संपते, आणि पायाखालचा ब्रेक नुसता नावाला उरतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्यांना ठोकरलं. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. पाच-दहा रुपयांचं डिझेल वाचवायला निघालेला माणूस किती महागात पडतो, ते त्या रात्री फोटोंत सगळ्यांनी पाहिलं.

फुंकर मारा पाहू

दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस ओळखायला पूर्वी पोलीस तोंडाचा वास घ्यायचे, नाहीतर सरळ रेघेवर चालायला सांगायचे. पण वास आला म्हणून किती प्यायली ते कळत नाही. आणि चांगला सराव असलेला बेवडा सरळ रेघेवर चालतोसुद्धा! अमेरिकेत रॉबर्ट बॉर्कनस्टाइन यांनी १९५४ साली ब्रेथलायझर नावाचं यंत्र बनवलं. पोटातली दारू रक्तात जाते, रक्त फुप्फुसांत जातं, आणि तिथून थोडी वाफ श्वासात येते. बॉर्कनस्टाइन यांच्या यंत्रात पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण असे. प्रयोगशाळेत तुम्ही तो नारिंगी रंग पाहिला असेल किंवा पुढे पाहाल. दारूची वाफ त्यात मिसळली, की नारिंगी रंग हिरवट होऊ लागतो. जितकी दारू जास्त, तितका बदल जास्त. आजच्या यंत्रांत बहुधा रसायनाच्या नळीऐवजी छोटी घटमाला असते. श्वासातल्या दारूपासून तिच्यात वीज तयार होते, आणि विजेवरून दारू मोजली जाते. म्हणजे बेवडा स्वतःच स्वतःविरुद्ध बॅटरी पुरवतो.

आपल्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली तर गुन्हा होतो. पहिल्यांदाच सापडलं तरी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मुंबई पोलिसांनी २००७ पासून यासाठी जोरदार नाकाबंदी सुरू केली. वडीशेप खाऊन, पेपरमिंट चघळून उपयोग होत नाही बरं. यंत्र वास घेत नाही, दारू मोजते.

‘दादा’ नंबरची गोची

कॅमेऱ्याने फोटो काढला, पण गाडी कुणाची? त्यासाठी संगणक नंबर प्लेट वाचतो, नोंदीतून मालक शोधतो आणि दंडाचं चलन त्याच्या मोबाइलवर धाडतो. मुंबईत अशी ई-चलनं २०१६ पासून निघू लागली. शिट्टी नाही, भांडण नाही, “साहेब, जाऊ द्या ना” नाही.

इथे आपल्याकडच्या हौशी मंडळींनी निराळीच युक्ती काढली होती. २१४ असा नंबर घ्यायचा आणि इंग्रजी आकडे असे वळवून रंगवायचे, की तो ‘राम’ वाचला जावा. ४१४१ चा ‘दादा’. ८०५५ चा ‘बॉस’. वाचणारा माणूसही चक्रावतो, तिथे संगणक बिचारा काय करणार? काही जण प्लेट वाकवतात, काही चिखल लावतात. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकाच ठरावीक अक्षरांच्या, काढता न येणाऱ्या प्लेट सक्तीच्या झाल्या, आणि नंतर महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही त्या लावायला सांगितलं गेलं. दादांची बरीच गोची झाली.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा धोकादायक गाडी चालवणं म्हणजे काय, हेही अधिक स्पष्ट झालं. लाल सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं, मोबाइल हातात धरून चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, हे सगळं त्यात येतं. ‘उलट्या दिशेने’ हे शब्द घरी जरा मोठ्याने वाचा. दुधाची पिशवी आणायला राँग साइडने जाणारे बरेच जण सापडतील.

आणि आता तुमची पाळी

क्लासला उशीर होतोय. आई म्हणते, “घेऊन जा स्कूटर, जवळच तर आहे.” तुम्ही चौदा वर्षांचे. मागे मित्र, त्याच्याही मागे आणखी एक मित्र. ट्रिपल सीट! सायंकाळी कुठल्याही क्लासबाहेर उभं राहिलं, की हे दृश्य दिसतं, आणि आईबाबांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

कायदा काय सांगतो? गिअरची मोटारसायकल, स्कूटर, मोटार यांचं लायसन्स अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं, आणि तेही पालकांच्या संमतीने. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी अशा लूना घरोघर होत्या. आजच्या साध्या स्कूटरचं इंजिन त्याच्या दुपटीहून मोठं असतं, म्हणजे सोळाव्या वर्षीही ती चालत नाही. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या विजेवरच्या छोट्या गाड्यांना लायसन्स लागत नाही. पण विकत घेताना “चालतंय हो, लहान मुलांना” असं दुकानदाराने सांगितलेली प्रत्येक गाडी त्यातली असतेच असं नाही. कागद वाचून घ्या.

आणि अठराखालचा मुलगा किंवा मुलगी गाडी चालवताना गुन्ह्यात सापडली, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. कॉलेज संपेल, नोकरी लागेल, मित्र गाड्या घेतील, आणि हा मात्र बसस्टॉपवर.

पुण्यातली गोष्ट तुम्ही घरात ऐकली असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव महागड्या मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. तिच्यावरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मरण पावले. मोटार चालवत होता तो सतरा वर्षांचा होता आणि दारू प्यायलेला होता, असं पोलिसांचं म्हणणं. मोटारीला नंबर प्लेटच नव्हती. कायमची नोंदणी झालीच नव्हती, आणि तिची फी १,७५८ रुपये भरायची राहिली होती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. सहामाहीच्या पेपरात लिहिता तेवढाच निबंध! देशभर लोक संतापले. मग आदेश बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्यात आलं. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कायद्याप्रमाणे त्याला असं ठेवता येत नाही म्हणून, सोडायला सांगितलं. मधल्या काळात वडिलांना अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले दोन डॉक्टरही पकडले गेले. कारण रक्तातली दारू तासागणिक कमी होत जाते. वेळेवर घेतलेला खरा नमुनाच कामाचा. तो हुकला तर मग पोलिसांना बिलं, कॅमेऱ्यांची चित्रं आणि साक्षीदार यांवरच भिस्त ठेवावी लागते.

लोक त्या मुलावर चिडले, ते समजतं. पण मला राहून राहून किल्लीचा प्रश्न पडतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी आपोआप येत नाही.

आता झुडपातला शिपाई व्हा

इंग्रज शिपायांचा तो प्रयोग तुम्हीही करून बघा. मात्र रस्त्यावर उतरून नाही, गॅलरीतून किंवा गच्चीच्या कठड्याआडून. आधी घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन फुटपाथवरून दोन विजेच्या खांबांमधलं अंतर टेपने मोजा. समजा, ते ५० मीटर आलं. मग दोघं मित्र बसा. एकाची नजर पहिल्या खांबावर, दुसऱ्याची दुसऱ्या खांबावर. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खांबाशी आलं, की पहिला ‘हं!’ म्हणेल, दुसरा मोबाइलमधलं स्टॉपवॉच चालू करेल आणि चाक आपल्या खांबाशी आलं की थांबवेल. मीटर भागिले सेकंद, आणि उत्तराला ३.६ ने गुणा, की ताशी किलोमीटर मिळाले. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर वेग ३०. ५ सेकंद तर ३६. ४ सेकंद तर ४५. ३ सेकंद तर ६०.

एक अडचण येईल. बोट दाबायला अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला, तर ३ सेकंदांचे अडीच होतील आणि ६० चा वेग ७२ दिसेल. शंभर वर्षांपूर्वीचे मोटारवाले न्यायालयात हाच मुद्दा काढून भांडायचे. उपाय सोपा आहे. खांब लांबचे निवडा. १०० मीटरला ६ सेकंदांऐवजी साडेपाच मोजले गेले, तरी उत्तर ६५ च येतं. दहा गाड्या मोजा, वहीत लिहा, आणि बाबांची गाडी कोपऱ्यावरून येताना दिसली, तर तिचीही नोंद करा.